आईच्या घरातले सेन्सर गप्प का होत होते

साताऱ्यातल्या आमच्या घराचा पुढचा भाग, म्हणजे सोपा आणि माजघर, काळ्या दगडाच्या दोन फुटी भिंतींचा आहे, तर स्वयंपाकघर आणि न्हाणीघर वडिलांनी नंतर मागच्या बाजूला विटा-सिमेंटमध्ये वाढवून घेतले. आई तिथे एकटी राहते आणि मी पुण्यात. गेल्या वर्षी ती न्हाणीघरात घसरली, आणि शेजारच्या काकूंच्या लक्षात येईपर्यंत दोन तास ओल्या फरशीवर पडून होती. हाड मोडले नाही, पण ते दोन तास माझ्या मनातून जाईनात. घरात कॅमेरा लावायचा नाही, हे आईने पहिल्याच दिवशी निक्षून सांगितले आणि मला ते पूर्णपणे पटले. मग मार्ग उरला तो लहान बिनतारी सेन्सरांचा. पुढच्या दाराला आणि परसदाराला चुंबकाचे दोन, आणि माजघर, स्वयंपाकघर व न्हाणीघर यांत हालचाल ओळखणारे तीन, असे पाच सेन्सर मी लावले. सगळे चपट्या सेलवर चालणारे आणि झिगबी या कमी विजेवर चालणाऱ्या बिनतारी पद्धतीचे. सोप्यातल्या कोनाड्यात तळहाताएवढा संगणक ठेवला, त्याला झिगबीचे डोंगल, म्हणजे सेन्सरांचे संदेश ऐकणारा यूएसबीवरचा छोटा रेडिओ, लावले, आणि त्यावर होम असिस्टंट हा घरातली उपकरणे सांभाळणारा प्रोग्रॅम चालू केला. पहाटे साडेपाच ते आठ या वेळात स्वयंपाकघरात काहीच हालचाल झाली नाही, तर मला आणि काकूंना फोनवर संदेश जावा, एवढा एकच साधा नियम त्यात घातला होता.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी आठ वाजता तो संदेश आला. मी आईला फोन केला, तो तिने उचलला नाही. काकू हातातले काम टाकून अनवाणी धावत गेल्या. आई परसात भांडी घासत होती, फोन माजघरात वाजत होता, आणि स्वयंपाकघरातला सेन्सर आदल्या रात्री साडेदहानंतर एकदाही बोललेला नव्हता. आईचा चहा, देवपूजेची तयारी, दूध तापवणे, सगळे नेहमीप्रमाणे त्याच्या समोर पार पडले होते. काकूंना झालेल्या त्रासाचे मला वाईट वाटलेच, पण त्याहून मोठी भीती वाटली ती पुढची. असे आणखी दोनदा झाले असते, तर तिसऱ्या वेळी काकू सावकाश आल्या असत्या, आणि नेमका तो संदेश खरा निघाला असता. त्यामुळे सेन्सर अधूनमधून तुटणे ही किरकोळ गैरसोय आहे असे मी मानू शकत नव्हते.

पहिला संशय अर्थातच सेलवर गेला. त्या शनिवारी साताऱ्याला जाऊन मी सेल काढला आणि मल्टिमीटरने मोजला, तर २.९ व्होल्ट भरले. सीआर२०३२ जातीचा हा सेल तीन व्होल्टचा असतो, पण नुसता आकडा चांगला दिसला म्हणून सेल चांगला असे म्हणता येत नाही. या सेलचा दाब जवळजवळ अखेरपर्यंत फारसा उतरत नाही. त्याच्या आतला रोध मात्र वाढत जातो, आणि सेन्सर संदेश पाठवण्यासाठी क्षणभर जोराने वीज ओढतो तेव्हा दाब एकदम खाली बसतो. पडद्यावर दिसणारी सेलची टक्केवारीही बहुधा याच दाबावरून काढलेली असते, म्हणून ती फार विश्वासाने घेऊ नये. मी नवा सेल घातला, सोप्यातल्या टेबलाशी बसून सेन्सरचे बारीक बटण पाच सेकंद दाबून धरले, दिवा तीनदा लुकलुकला, सेन्सर पुन्हा जोडला गेला, आणि तो स्वयंपाकघरात नेऊन फडताळावर चिकटवला. सोमवारी रात्री तो पुन्हा तुटला. सोप्यात जोडून स्वयंपाकघरात नेण्यातच एक मोठी चूक होती, पण ते मला तेव्हा ठाऊक नव्हते.

दुसऱ्या खेपेला मी सेन्सर बाजूला ठेवून डोंगलकडे पाहिले. संगणकाला यूएसबीची दोन निळी आणि दोन काळी तोंडे होती. एका निळ्या तोंडात साठवणुकीची एसएसडी होती आणि तिला चिकटून शेजारच्या निळ्या तोंडात डोंगल. निळे तोंड म्हणजे यूएसबी ३.०, आणि त्यातून माहिती वेगाने जाताना जी रेडिओ-गडबड बाहेर पडते ती २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरते, हे इंटेलने २०१२ सालीच एका तांत्रिक टिपणात दाखवून दिले होते. झिगबी याच पट्ट्यात बोलते. म्हणजे घरातल्या सगळ्यात हळू आवाजात बोलणाऱ्या उपकरणांचे ऐकणारा कान मी गिरणीच्या पट्ट्याशेजारी नेऊन ठेवला होता. उपाय स्वस्त निघाला. दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर आणून डोंगल काळ्या तोंडात लावले आणि कोनाड्यातून बाहेर काढून भिंतीवर डोक्याएवढ्या उंचीवर टांगले. परसदाराच्या सेन्सरच्या सिग्नलचा आकडा, जो शून्य ते २५५ या मापात मोजतात, तो चाळिशीच्या आसपास असायचा. तो त्याच संध्याकाळी शंभराच्या पुढे गेला. ज्यांचे सेन्सर सतत तुटतात त्या प्रत्येकाला मी आता पहिला प्रश्न हाच विचारते, की डोंगल थेट संगणकाला लावले आहे की वायरने दूर नेले आहे.

त्याच दिवशी वाय-फायचेही पाहून घेतले. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो, त्यामुळे वाय-फाय, ब्लूटूथ, झिगबी, एवढेच नव्हे तर मायक्रोवेव्हची गळतीही, सगळे त्याच गल्लीत नांदतात. झिगबीला त्यात ११ ते २६ असे सोळा चॅनेल आहेत, प्रत्येकी दोन मेगाहर्ट्झ रुंदीचे. वाय-फायचा एक चॅनेल मात्र किमान वीस मेगाहर्ट्झ जागा व्यापतो. माझी झिगबी ११ व्या चॅनेलवर, म्हणजे २४०५ मेगाहर्ट्झवर होती, आणि फोनमधल्या ॲपने दाखवले की घरातला वाय-फाय राउटर स्वतःच्या निवडीने चॅनेल १ वर, म्हणजे २४१२ च्या दोन्ही अंगांना पसरून बसला होता. येथे नावांचा घोळ होतो, म्हणून मुद्दाम लिहिते: झिगबीचा ११ आणि वाय-फायचा ११ हे एक नव्हेत. पहिला पट्ट्याच्या खालच्या टोकाला आहे आणि दुसरा वरच्या बाजूला, २४६२ वर. अनेक जण अशा वेळी झिगबीचा चॅनेल बदलतात, पण तसे केल्यावर सेलवरची बरीचशी उपकरणे मागोमाग येत नाहीत आणि एकेक करून पुन्हा जोडावी लागतात. वाय-फायचा चॅनेल बदलला तर फोन आणि टीव्ही आपोआप त्याच्या मागे जातात. म्हणून मी राउटरची आपोआप निवड बंद केली, चॅनेल ११ पक्का केला आणि रुंदी चाळीसवरून वीस मेगाहर्ट्झवर आणली. शेजारचे एकच वाय-फाय ६ वर होते, त्याचा त्रास नव्हता.

त्यानंतर पुढचे दार, परसदार, माजघर आणि न्हाणीघर हे चार सेन्सर बरेच स्थिर झाले. स्वयंपाकघरातला मात्र आठवड्यातून दोनदा-तीनदा जातच राहिला, आणि ज्याच्यावर सगळा नियम उभा होता तो नेमका तोच.

डिसेंबरात मी चार दिवसांची रजा काढून आईकडे राहायला गेले. या वेळी काहीही दुरुस्त करायचे नाही, फक्त पाहायचे आणि लिहायचे, असे ठरवले होते. आईच्या दुधाच्या हिशेबाच्या वहीची मागची पाने तिने मला दिली. सेन्सर शेवटचे केव्हा बोलला, वीज केव्हा गेली, मिक्सर केव्हा लागला, कोण आले-गेले, सगळ्याच्या वेळा मी त्यात टिपत गेले. दोन दिवसांत एक गोष्ट स्पष्ट झाली. सेन्सर दिवसा कधीच जात नव्हता, तो रात्री दहा ते अकराच्या दरम्यानच जात होता. सेल संपत आला असता किंवा वाय-फायचा अडथळा असता, तर त्याने अशी घड्याळाची वेळ पाळली नसती.

तिसऱ्या रात्री मी माजघरात लॅपटॉप घेऊन बसले होते. झिगबी सांभाळणाऱ्या झिगबी टू एमक्यूटीटी या प्रोग्रॅममध्ये नेटवर्कचा नकाशा काढता येतो. तो तयार व्हायला मिनिट-दोन मिनिटे लागतात आणि तो चालू क्षणाचा नसून काढला त्या वेळचा असतो, हे ध्यानात ठेवावे लागते. नकाशात मध्ये डोंगल होते, त्याला जोडलेले दोन स्मार्ट प्लग, म्हणजे सॉकेटात बसणारी झिगबीचीच उपकरणे, होते, एक माजघरात टीव्हीच्या बोर्डावर आणि दुसरा स्वयंपाकघरात मिक्सरच्या बोर्डावर, आणि स्वयंपाकघरातल्या सेन्सरची रेघ टीव्हीच्या प्लगला जाऊन मिळत होती. साडेदहा वाजले. बातम्या संपल्या. आई उठली, टीव्हीच्या बोर्डाशी गेली आणि उजवीकडून डावीकडे एकेक बटण खाली केले: टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, आणि तिसरे. पुढे जाऊन तिने स्वयंपाकघरातली मिक्सरची आणि ओव्हनची बटणे बंद केली, गॅसची टाकी तपासली, परसदाराचा अडसर लावला. मी लहानपणापासून रोज रात्री हा आवाज ऐकत झोपले आहे, इतका की तो आवाज आहे हेच मी विसरले होते. थोड्या वेळाने पडद्यावर दोन्ही प्लगची नावे करडी झाली, आणि त्यांच्या आधाराने उभा असलेला सेन्सर अधांतरी राहिला.

येथे या पद्धतीचे थोडे कामकाज सांगायला हवे. झिगबी ज्या ८०२.१५.४ या मानकावर उभी आहे त्याची पहिली आवृत्ती २००३ साली आली. सेकंदाला फक्त २५० किलोबिट एवढाच वेग ठेवून वीज कमालीची कमी लागावी, हा तिचा हेतू होता. सेलवरचा सेन्सर जवळजवळ सगळा वेळ झोपलेला असतो. तो दुसऱ्या कोणाचा संदेश पुढे नेत नाही, फक्त आपल्या एका पालकाशी, म्हणजे ज्या उपकरणामार्फत तो जाळ्यात जोडला गेला आहे त्याच्याशी, बोलतो. विजेवर चालणारी उपकरणे, म्हणजे प्लग, दिवे, रिले, ही सदैव जागी असल्यामुळे संदेश हातोहात पुढे पोचवतात. म्हणजेच ती या जाळ्याचे रस्ते असतात. पालक नाहीसा झाला तर सेन्सरने दुसरा शोधावा अशी अपेक्षा आहे, पण काही सेन्सर आपल्या पालकाला घट्ट धरून बसतात, थोडा वेळ हाका मारतात आणि मग सेल वाचवण्यासाठी हाका मारणेच सोडून देतात. नंतर पालक परत आला तरी बटण दाबल्याशिवाय ते मागे येत नाहीत. आमच्याकडे टीव्हीचे बोर्ड रात्री साडेदहाला बंद होई ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला मालिकेच्या वेळी चालू होई. वीस तासांच्या वर. माझी टेबलावरची चूकही आता कळली. पालक बहुधा जोडणीच्या वेळी, जिथे सेन्सर असेल तिथून, निवडला जातो. सोप्यात जोडले तेव्हा तो थेट डोंगलशी बांधला गेला आणि मग दोन दगडी भिंतींच्या आड जाऊन बसला. दुसऱ्या खेपेला संध्याकाळी, टीव्ही चालू असताना, स्वयंपाकघरातच उभे राहून जोडले तेव्हा त्याने टीव्हीचा प्लग धरला. दोन्ही वेळा तुटणे सारखेच दिसले, कारणे मात्र वेगळी होती.

परदेशातल्या सूचना वाचताना ही अडचण कुठेच सापडत नाही, कारण अनेक देशांत भिंतीवरच्या सॉकेटला बटणच नसते. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण असते आणि रात्री ते बंद करणे ही घर सांभाळण्याची रीत आहे. पावसाळ्यात वीज कडाडते, दाब कमी-जास्त होतो, बिल येते. आईच्या सवयीमागे चाळीस वर्षांचा विचार आहे. बटणावर चिकटपट्टी लावावी किंवा "हे बंद करू नये" अशी चिठ्ठी चिकटवावी, असे मला सुचले होते, पण मी ते केले नाही. जी व्यवस्था आईच्या सुरक्षिततेसाठी आहे, तिने आईच्या रोजच्या हातवळणाला अडवू नये. शिवाय एखाद्या रात्री चिठ्ठी विसरली जाणारच, आणि त्या रात्रीनंतरच्या सकाळवर माझा विश्वास राहिला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या नेहमीच्या वायरमनला बोलावले. घरात इन्व्हर्टर आहे, त्याची एक लाइन माजघराच्या छताखालून जाते. त्या लाइनवर बटण नसलेला सॉकेट काढून हवा आहे, असे मी सांगितले.

"ताई, बिनबटणाचा सॉकेट मी खाली बसवणार नाही," तो म्हणाला. "कुणाचाही हात लागतो. आठ फुटांवर घेतो आणि त्याला वेगळी एमसीबी टाकतो."

त्याचे म्हणणे मला योग्य वाटले. जागा निवडताना मात्र मी थोडा वेळ घेतला. दोन फूट दगडातून सिग्नल जावा म्हणून झगडण्यापेक्षा दाराच्या उघड्या चौकटीतून त्याला वाट द्यावी, असा विचार करून माजघराच्या ज्या भिंतीवरून सोप्याचे दार आणि स्वयंपाकघराचे दार दोन्ही समोर दिसतात, तिथे पहिला सॉकेट घेतला. लोखंडी कपाट त्या रेषेत येत होते, ते दोन हात बाजूला सरकवले. दुसरा सॉकेट स्वयंपाकघरात माळ्याच्या वर घेतला, न्हाणीघराच्या दाराकडे तोंड करून. टीव्हीच्या आणि मिक्सरच्या बोर्डांवरचे प्लग काढून या दोन जागी लावले. इन्व्हर्टरवर असल्यामुळे वीज गेली तरी आता ते चालू राहतात. संगणक आणि वाय-फाय राउटर आधीपासून इन्व्हर्टरवर होतेच.

मग पाचही सेन्सर, या वेळी ज्याच्या त्याच्या जागी उभे राहून, नव्याने जोडले. या प्रोग्रॅममध्ये सगळ्या नेटवर्कऐवजी एकाच उपकरणामार्फत जोडणी खुली करता येते. तसे करून स्वयंपाकघराचा आणि न्हाणीघराचा सेन्सर माळ्यावरच्या प्लगमार्फत घेतला, म्हणजे पालक कोण असावा हे नशिबावर सोडावे लागले नाही. परसदाराच्या चुंबकाकडेही तेव्हा लक्ष दिले. पावसाळ्यात लाकडी दार फुगते आणि नीट बसत नाही, मग चुंबक व सेन्सर यांच्यात फट राहून दार रात्रभर उघडे दिसते. हा बिघाड जोडणीचा नव्हे, पण मी तो तसा समजत होते. चुंबकाखाली लाकडाची पातळ पट्टी ठोकून ती फट भरून काढली.

एक काम राहिले होते, आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे. त्या नोव्हेंबरच्या सकाळी पडद्यावर सगळे ठीक दिसत होते. कारण असे की सेलवरचे उपकरण झोपाळू असते हे गृहीत धरून हा प्रोग्रॅम ते पंचवीस तास गप्प राहिल्याशिवाय गायब मानत नाही. आमचे सेन्सर हालचाल नसली तरी तासाभराने एकदा आपण असल्याचे कळवतात. म्हणून मी ही मुदत अडीच तासांवर आणली आणि संदेश दोन केले. सेन्सर गप्प झाला, तर त्याची खबर फक्त मला, रात्री असो वा दिवसा. आणि सेन्सर जिवंत आहे, त्याने गेल्या तासाभरात हजेरी दिली आहे, तरीही सकाळी आठपर्यंत हालचाल नाही, असे दोन्ही खरे असेल तरच काकूंना. न बोलणारे यंत्र आणि न उठलेली आई यांत फरक न करणारा नियम मी मुळात लिहायलाच नको होता.

त्या रात्री आई नेहमीप्रमाणे उठली. मी काही सांगितले नाही. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, मिक्सर, ओव्हन, सगळी बटणे खाली झाली, टाकी तपासून झाली, अडसर लागला. मी अंथरुणात पडून फोनवर पाहत होते. अकरा सतराला स्वयंपाकघराच्या सेन्सरने हजेरी दिली, मग बारा सोळाला. पहाटे पाच बेचाळीसला हालचालीची नोंद आली, आणि पाठोपाठ आतून चहाच्या पातेल्याचा आवाज.

त्यानंतर जूनमध्ये न्हाणीघराचा सेन्सर एकदा गेला, तो दमटपणाने सेलच्या पत्र्यावर हिरवट थर धरल्यामुळे. खबर रात्री दोन वाजता मला आली, काकूंना नाही. दुधाच्या वहीची मागची पाने आईने स्वतःकडे ठेवून घेतली आहेत. वीज गेल्याच्या आणि आल्याच्या वेळा ती आता त्यात लिहिते, आणि रविवारी फोनवर मला वाचून दाखवते.